झाडावर नोटीस लागली तर: शहरातलं झाड कायद्याने वाचवण्याची सविस्तर पद्धत

बुंध्यावर महापालिकेचा एक कागद चिकटवलेला असतो. झाडाचा क्रमांक, जात, पुढे 'तोडणे' किंवा 'पुनर्रोपण', अर्जदाराचं नाव आणि हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख. पावसाने शाई पसरते, कोपरा फाटतो, आणि बहुतेक रहिवाशांचं त्या कागदाकडे लक्ष जातं ते करवतवाले दारात उभे राहिल्यावर. तेव्हा मुदत उलटून गेलेली असते.

महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये झाडाला चांगलं कायदेशीर संरक्षण आहे. खासगी बंगल्याच्या आवारातल्या झाडालाही आहे. पण हे संरक्षण तारखा, मोजमापं आणि आवक क्रमांक यांच्या आधाराने चालतं. ज्या झाडाची कुठेच नोंद नाही ते झाड तोडलं गेल्यावर 'इथे झाड होतं' हेच आधी सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून या कामाची सुरुवात नोटिशीच्या खूप आधी, झाड हिरवंगार उभं असतानाच करायची असते.

आपल्या झाडाला कोणता कायदा लागतो

महापालिका, नगरपरिषद आणि नगरपंचायत यांच्या हद्दीत 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' लागू होतो. या लेखातला बहुतेक मजकूर त्याबद्दल आहे. त्यातली तीन कलमं लक्षात ठेवली तरी बरंच काम होतं. कलम ७ वृक्ष प्राधिकरणाची (झाडांबाबत निर्णय घेणाऱ्या स्थानिक मंडळाची) कर्तव्यं सांगतं; दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणं हे त्यातलं एक. कलम ८ म्हणतं की प्राधिकरणाच्या आगाऊ परवानगीशिवाय कोणीही, कोणत्याही जमिनीवरचं झाड तोडू नये. कलम २१ शिक्षेचं आहे, आणि विनापरवाना तोडलेलं प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो. पूर्वी दंडाची कमाल मर्यादा ५ हजार रुपये होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती झाडामागे १ लाखापर्यंत नेली.

या कायद्याची व्याख्या फार उपयोगाची आहे. झाड 'तोडणे' यात जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. बुंध्याची साल गोल सोलून काढणं, भोकं पाडून त्यात रसायन ओतणं, मुळाशी रोज कचरा पेटवणं ही हळूहळू झाड मारण्याची नेहमीची तऱ्हा. 'आम्ही तोडलं नाही, ते वाळलं' हा बचाव या व्याख्येपुढे टिकत नाही. मात्र साल सोललेली असतानाच तिचा फोटो हवा. वर्षभराने नुसतं वाळकं खोड उरतं, आणि मेलेलं झाड तोडायला कायद्याने परवानगी मिळते.

ग्रामपंचायत हद्दीतलं चित्र वेगळं आहे. तिथे 'महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४' लागतो आणि तो अनुसूचीतल्या १६ प्रकारच्या झाडांनाच संरक्षण देतो: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब या यादीत नाहीत. हे वाचून अनेकांना धक्का बसतो, पण गावातल्या पारावरचा वड वाचवायचा तर दुसरे मार्ग शोधावे लागतात; त्यांचा विचार पुढे येईल. गोव्यात १९८४ चा स्वतंत्र वृक्षसंरक्षण कायदा आहे. तिथे २०१६ मध्ये माड 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला गेला होता, तेव्हा मोठा विरोध झाला आणि पुढच्या वर्षी तो परत आत आला, शिवाय राज्यवृक्षही झाला. व्याख्येतला एक शब्द किती झाडांचं आयुष्य ठरवतो ते यातून कळतं.

खाडीकाठी राहत असाल तर खारफुटीचं संरक्षण आणखी कडक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार खारफुटीभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम आणि भराव टाकायला मनाई आहे.

आधी झाडाची नोंद करा

एका गल्लीतली किंवा सोसायटीतली झाडं दोन माणसं एका रविवारी सकाळी मोजू शकतात. शिंप्याची टेप, वही, मोबाइल आणि खडू एवढंच लागतं.

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर मोजायचा. वनखातंही याच उंचीवर मोजतं. एकाने टेप आडवी, सरळ धरली आहे ना हे मागून पाहावं. टेप तिरकी गेली की घेर वाढून येतो आणि समोरच्याला तुमची अख्खी यादी खोटी पाडायला निमित्त मिळतं. उतारावरच्या झाडाला ही साडेचार फुटांची उंची चढाच्या बाजूने धरावी. साडेचार फुटांच्या खालीच खोड दुभंगलं असेल तर दोन्ही खोडं वेगळी मोजून 'जोडखोड' अशी नोंद करावी. वडाचा मूळ बुंधा वेगळा मोजावा, जमिनीत रुजलेल्या पारंब्यांचे खांब वेगळे मोजून त्यांची संख्या लिहावी.

प्रत्येक झाडासाठी इतकं लिहा: अनुक्रमांक, मराठी नाव, घेर सेंटिमीटरमध्ये, अंदाजे उंची (शेजारच्या इमारतीचा मजला साधारण तीन मीटर धरून), जागेची खूण ('ब इमारतीच्या पाण्याच्या टाकीपासून उत्तरेला ४ मीटर'), मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, ढोली किंवा घरटी आहेत का, आणि महापालिकेने गणनेत रंगवलेला क्रमांक असल्यास तो.

फोटो चार काढा. अख्खं झाड मागच्या इमारतीसह, बुंधा टेप लावलेला, पानं-फळं जवळून, आणि मुळाशी असलेली जमीन. मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली वेळ आणि जागेची माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, झाडाचं वय. २०२१ च्या दुरुस्तीपासून ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड 'प्राचीन वृक्ष' (हेरिटेज ट्री) ठरतं. शिवाय तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं अर्जदाराला लावावी लागतात. ४० वर्षांचा कडुनिंब तोडला तर ४० झाडं. त्यामुळे अर्जात झाडाचं वय कमी लिहिण्याकडे कल असतो. साठ वर्षांचा पर्जन्यवृक्ष प्रस्तावात पंचविशीचा होऊन येतो, आणि हा आकडा कोणी तपासला नाही तर तोच कायम होतो. वयाचा पुरावा आधीच जमवून ठेवा: सोसायटीच्या जुन्या समारंभाचे तारखेसह फोटो, इमारतीचा भोगवटा दाखला आणि त्या वेळचा नकाशा, आधीच्या वृक्षगणनेतला घेर, गूगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रं, आणि जुन्या रहिवाशाचं प्रतिज्ञापत्र. नुसत्या घेरावरून वय काढणं कच्चं असतं, कारण पाण्याच्या पाइपाजवळचा गुलमोहर आणि फुटपाथच्या फटीतला गुलमोहर एका वेगाने वाढत नाहीत. पण दहा वर्षांच्या अंतराने मोजलेले दोन घेर असतील तर त्या झाडाचा स्वतःचा वाढीचा वेग हाती येतो. आज मोजून ठेवण्याचा मोठा फायदा हाच.

यादी तयार झाली की ती उद्यान विभागाला साध्या पत्रासोबत द्या: 'आमच्या परिसरातील झाडांची नोंद सोबत जोडली आहे, ती वृक्षगणनेच्या नोंदीशी ताडून पाहावी, ५० वर्षांवरील झाडांची प्राचीन वृक्ष म्हणून नोंद घ्यावी.' दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच हातात नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा.

नोटीस कशी वाचायची

परवानगीचा अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः जागेवर जाऊन पाहणी करायची, स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि झाडाच्या ठळक भागावर नोटीस लावायची असते. जाहिरात आणि नोटीस या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. एकच झाली असेल तर प्रक्रियेतली ती मोठी त्रुटी आहे आणि हरकतीत ती पहिल्या क्रमांकावर मांडावी.

नोटीस दिसली की लगेच तिचा फोटो काढा: एक जवळून अक्षरं वाचता येतील असा, एक लांबून झाडासह. काढल्याची तारीख-वेळ लिहून ठेवा. मग कागदावरची झाडं मोजा आणि जागेवरची मोजा. फार वेळा नोटिशीत १२ झाडं असतात आणि प्रकल्पाच्या कुंपणात १९ उभी असतात. उरलेल्या सात झाडांचं काय हा प्रश्न लेखी विचारला नाही तर ती 'झुडपं' म्हणून जातात. जातींची नावंही तपासा. उंबराला 'जंगली झाड' किंवा शिरीषाला 'सुबाभूळ' लिहिलेलं आढळतं. सुबाभूळ म्हटलं की तिच्याबद्दल कोणी फारसं भांडत नाही.

हरकतीची मुदत नोटिशीवर असते आणि बरेचदा ती जेमतेम आठवड्याची असते. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, कारण त्या दिवशी आवक-जावक खिडकी दुपारीच बंद झालेली असू शकते. हरकत हाताने द्या, त्याच दिवशी ईमेलही करा.

हरकत अशी लिहा

'झाडं ऑक्सिजन देतात, कृपया तोडू नयेत' एवढंच लिहिलेली शंभर पत्रं आली तरी टिपणीत 'हरकती भावनिक स्वरूपाच्या' अशी एक ओळ लिहून ती बाजूला पडतात. ज्या हरकतीला उत्तर द्यावंच लागतं ती जागेबद्दल आणि आकड्यांबद्दल बोलते. नमुना असा:

*प्रति, वृक्ष अधिकारी, वृक्ष प्राधिकरण, ______ महानगरपालिका.*
*विषय: नोटीस क्र. ____, दि. ____, झाड क्र. ४ (कडुनिंब) तोडण्यास हरकत.*
*१. नोटिशीत झाडाचा घेर ११० सेंमी दिला आहे. दि. ____ रोजी १.३७ मी. उंचीवर मोजलेला घेर १८८ सेंमी आहे. टेपसह फोटो जोडला आहे.*
*२. प्रस्तावात वय २० वर्षे दाखवले आहे. सोबतच्या १९८४ च्या फोटोत हे झाड दुमजली इमारतीइतके उंच दिसते. वय फेरतपासावे.*
*३. झाड इमारतीच्या पायाच्या रेषेबाहेर असून ते वाहनमार्गाच्या कडेला येते. वाहनमार्ग पूर्वेला ३ मीटर सरकवल्यास झाड राहू शकते. नकाशावर खूण केली आहे. हा पर्याय तपासल्याची नोंद प्रस्तावात आढळत नाही.*
*४. झाडावर पक्ष्यांची वापरातली घरटी आहेत. फोटो दि. ____.*
*५. मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी व निर्णयाची कारणांसह प्रत द्यावी.*

तिसरा मुद्दा सगळ्यात जड असतो. बांधकामाच्या मूळ क्षेत्रात येणारं झाड वाचवणं अवघड. पण वाहनमार्ग, पाण्याची टाकी, ट्रान्सफॉर्मर, सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), तात्पुरतं ऑफिस यांच्या आड येणारी झाडं नकाशात थोडा बदल केला की वाचतात. म्हणून प्रस्तावासोबतचा नकाशा मागून घ्या आणि प्रत्येक झाडावर नेमकं काय येतंय ते पाहा.

घरट्यांचा मुद्दा कायदेशीरही आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकारी'च्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी नष्ट करणं आणि अंडी-घरट्यांना उपद्रव देणं येतं. बगळे, ढोकरी यांच्या वसाहती असलेली झाडं पावसाळ्यात छाटायला निघाले तर वनखात्यालाही लगेच कळवा.

हरकत घेणारा माणूस त्या जागेचा मालक असण्याची गरज नाही.

परवानगीनंतरचे १५ दिवस

परवानगीचा आदेश निघाल्यावर १५ दिवस झाड तोडता येत नाही. न्यायालयात जायचं तर हाच वेळ, आणि तो आदेशाच्या तारखेपासून धावतो. आदेश तुमच्या हातात कधी पडला याची तो वाट पाहत नाही.

आरेतल्या मेट्रो कारशेडचा घटनाक्रम याच तारखांचा आहे. मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणाने २९ ऑगस्ट २०१९ ला प्रस्ताव मंजूर केला, १३ सप्टेंबरला आदेश निघाला, १५ दिवस २८ सप्टेंबरला संपले. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर २,१४१ झाडं पडली होती. यातून घ्यायचं ते असं: याचिका प्रलंबित असणं म्हणजे स्थगिती नव्हे. अंतरिम स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि निकाल विरुद्ध गेला तर वरच्या न्यायालयात जाईपर्यंत ती चालू ठेवण्याची विनंती त्याच क्षणी, त्याच कोर्टात तोंडी करावी लागते.

त्याच आरेत पुढे एप्रिल २०२३ मध्ये, न्यायालयाने ८४ झाडांपुरती मुभा दिलेली असताना त्याहून जास्त झाडांसाठी प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो कॉर्पोरेशनला १० लाख रुपये भरायला लावले. आकड्यावर लक्ष ठेवणारे लोक होते म्हणून हा फरक न्यायालयापुढे आला.

'धोकादायक' शिक्का लागला असेल तर

मेलेलं, रोगट, वाऱ्याने पडलेलं, जिवाला किंवा मालमत्तेला धोका असलेलं झाड तोडायला परवानगी नाकारता येत नाही. ही तरतूद रास्त आहे. मुळं कुजलेला गुलमोहर शाळेच्या रस्त्यावर झुकला असेल तर तो काढलाच पाहिजे, आणि त्याच्यासाठी भांडून आपण आपलीच पत घालवतो.

पण हाच शिक्का धडधाकट झाडांवरही मारला जातो. फरक ओळखायला बुंध्याजवळ जा. झुकाव जुना असेल तर खोड खालून वाकून वर सरळ झालेलं दिसतं आणि जमीन शांत असते. अशी झाडं दशकानुदशकं उभी राहतात. झुकाव नवा असेल तर झुकलेल्या बाजूच्या विरुद्ध अंगाला माती उचललेली आणि ताज्या भेगा दिसतात. तिथे वेळ घालवू नका. बुंध्याच्या तळाशी कडक, कंगोरेदार अळंबी आली असेल तर आतलं लाकूड सडतंय. लाकडी हातोडीने खोड ठोकून पाहा, पोकळ आवाज कुठून कुठवर येतो ते खडूने आखा. ढोली असणं म्हणजे झाड पडणार असं नाही. बाहेरचं निरोगी लाकूड पुरेसं जाड असेल तर पोकळ खोडही भार घेतं. पावसाळ्यात पडणारी बरीचशी झाडं मुळांमुळे पडतात: रस्ता खोदताना एका बाजूची मुळं छाटलेली असतात आणि वर सिमेंट ओतलेलं असतं.

लेखी पाहणी अहवाल मागा. 'धोका' नेमका कशामुळे, आणि छाटणी, आधार किंवा दोर बांधून तो कमी होणार नाही का, हे त्यात असायला हवं.

छाटणीच्या नावाखाली

छाटणीलाही परवानगी लागते. सोसायट्यांनी एप्रिलच्या सुरुवातीलाच अर्ज द्यावा. मे अखेरीस अर्जांची रांग लागते आणि मग कंत्राटदार येईल तशी छाटणी होते. परवानगीत किती फांद्या, कोणत्या बाजूच्या, हे लिहून घ्या आणि कामाच्या दिवशी तो कागद घेऊन एकाने खाली उभं राहा.

झाडाचा शेंडा छाटून नुसता खांब ठेवणं ही छाटणी नव्हे. त्या ठुंठातून फुटणारे धुमारे सालीलगत, वरवर चिकटलेले असतात आणि चार-पाच वर्षांनी जड होऊन तेच मोडून पडतात. एका वेळी पर्णसंभाराचा चौथा हिस्सा काढला तरी तो पुष्कळ झाला. जाड फांदी तीन कापांत उतरवा: पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, फांदीच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत, दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून, म्हणजे फांदी साल न ओढता पडते, तिसरा उरलेल्या ठुंठाचा, फांदीच्या मुळाशी जो फुगीर कंगोरा असतो त्याच्या बाहेरून. कंगोरा कापला तर जखम भरत नाही. डांबर किंवा रंग फासायची गरज नाही.

तोड चालू असताना

झाडावर चढू नका, कामगारांशी हुज्जत घालू नका. ते रोजंदारीवर आलेले असतात. परवानगीची प्रत मागा. आदेशात झाडांचे क्रमांक, संख्या, तारीख आणि कलम असतं. प्रत नसेल किंवा १५ दिवस झाले नसतील तर ११२ ला फोन करा आणि उद्यान विभागाला कळवा. दोन्ही ठिकाणचा तक्रार क्रमांक लिहून घ्या. एकाने सलग व्हिडिओ घ्यावा: गाडीचा नंबर, यंत्र, खोड, आजूबाजूची खूण.

झाड पडून गेलं असेल तर पंचनामा होईपर्यंत ठुंठ आणि ओंडके हलू देऊ नका. ठुंठाचा घेर आणि जमिनीपासूनची उंची मोजा, कापलेल्या पृष्ठभागावर टेप ठेवून फोटो काढा. सागाच्या खोडावर वार्षिक वलयं स्पष्ट मोजता येतात. आपल्याकडच्या बहुतेक झाडांची वलयं भरवशाची नसतात, म्हणून वयाचा दावा फक्त त्यांवर टाकू नका. सुट्ट्यांच्या आदल्या रात्री आणि शनिवार-रविवारी जास्त जागं राहावं लागतं, कारण कार्यालयं बंद असतात.

पोलिस बहुधा वृक्ष अधिकाऱ्याची तक्रार मागतात. म्हणून वृक्ष अधिकाऱ्याला दिलेल्या पत्रात 'कलम २१ खाली गुन्हा दाखल करण्याची कार्यवाही करावी' हे स्पष्ट लिहा आणि त्याची पोच पोलिस ठाण्यात द्या. झाड सार्वजनिक जागेतलं असून लाकूड नेलं असेल तर भारतीय न्याय संहितेखाली चोरी (कलम ३०३) आणि आगळीक (कलम ३२४) यांचाही उल्लेख करा.

कागद मिळवणं

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा. हे मागा: मूळ अर्ज व नकाशा, वृक्ष अधिकाऱ्याचा पाहणी अहवाल, वर्तमानपत्रातली जाहिरात, आलेल्या हरकती व त्यांवरचा निर्णय, प्राधिकरणाच्या बैठकीचं इतिवृत्त, आणि परवानगीचा आदेश. 'का तोडलं?' असा प्रश्न विचारू नका. अर्ज नोंदी मिळवण्यासाठी असतो. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणजे १५ दिवसांच्या खिडकीत तो कामी येत नाही. म्हणून नोटीस दिसताच अर्ज टाका आणि सोबत कागदपत्रं प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करा. उत्तर न आल्यास ३० दिवसांत प्रथम अपील, २० रुपये शुल्क.

न्यायालय

१९७५ च्या कायद्याचा भंग हा विषय मुंबई उच्च न्यायालयाचा: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. पुण्यातल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अनेकजण आधी धावतात, पण त्याच्या कायद्याच्या अनुसूचीत राज्यांचे वृक्षकायदे नाहीत. वनजमीन, पर्यावरण मंजुरीच्या अटींचा भंग किंवा जैवविविधता कायदा यांचा संबंध असेल तर तिथे जाता येतं, आणि वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

गावातला वड आणि देवराई

अनुसूचीत नसलेल्या झाडासाठी ग्रामसभेचा ठराव आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीची नोंदवही ही दोन साधनं आहेत. समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत झाड, त्याचा घेर, त्यावरचे पक्षी-वटवाघळं, त्याच्याशी जोडलेले विधी हे सगळं लिहून घ्या. अख्खा परिसर मोलाचा असेल तर जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३७ खाली तो 'जैविक वारसा स्थळ' जाहीर होऊ शकतो. गडचिरोलीतलं आलापल्लीचं जंगल, पुण्याची गणेशखिंड बाग, सिंधुदुर्गातल्या बांबर्डे-हेवाळेची जंगली जायफळाची राई अशी जाहीर झाली आहेत. आणि रस्ता आखणीत असतानाच बोललं तर आखणी बदलते: मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा सुमारे ४०० वर्षांचा वड २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवल्यावर महामार्गाच्या नकाशात बदल करून वाचवला गेला.

मुळांची जागा

बांधकामाला परवानगी देताना 'झाड क्र. ७ राखणे' असं लिहिलं जातं आणि मग त्याच्या बुंध्याला खेटून खड्डा काढला जातो. तीन पावसाळ्यांत झाड जातं. ब्रिटिश स्टँडर्ड ५८३७ (बांधकामाजवळच्या झाडांसाठीचं ब्रिटिश मानक) याचा हिशोब सोपा आहे: खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ मुळांसाठी सोडायचं. घेर १८८ सेंटिमीटर म्हणजे व्यास सुमारे ६०, म्हणजे ७.२ मीटर. एवढी जागा शहरात क्वचित मिळते, पण मागणीची सुरुवात या आकड्यापासून करा, आणि कामाआधी त्या रेषेवर पत्र्याचं कुंपण मागा. फुटपाथवरच्या झाडांसाठी हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीत बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. आपल्या महापालिकेला अर्ज देताना त्याचा दाखला द्या. काँक्रीट काढताना ब्रेकर वापरू देऊ नका, छिन्नी-हातोडीने काढा, आणि अंगठ्याहून जाड मूळ तोडू नका.

बदल्यात लावलेली झाडं

नवी झाडं देशी, सहा ते आठ फूट उंचीची, जिओ-टॅग केलेली असावीत आणि सात वर्षं त्यांची निगा राखावी, ही २०२१ पासूनची अट. पुनर्रोपण करायचं असेल तर मुळांसकट मातीचा गोळा खोडाच्या व्यासाच्या आठ ते दहा पट रुंद हवा; ३० सेंटिमीटरच्या खोडाला अडीच-तीन मीटरचा, म्हणजे काही टन वजनाचा. बुंध्याला साखळी अडकवून क्रेनने उपटलेलं झाड जगत नाही. वड-पिंपळ बऱ्यापैकी तग धरतात, जुना आंबा किंवा सोनमोहर क्वचित.

परवानगीच्या आदेशात नव्या झाडांची जागा आणि संख्या दिलेली असते. ती यादी घेऊन दरवर्षी मे महिन्यात, पाणी सगळ्यात कमी असताना, त्या जागेवर जा. जिवंत झाडं मोजा, घेर घ्या, मेलेल्यांच्या जागी पाटी रोवून फोटो काढा, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत वृक्ष अधिकाऱ्याला पत्र द्या, म्हणजे जूनमध्येच रिकामे खड्डे भरून घेता येतात. पहिल्या वर्षी हे पत्र नुसतं फाइलला लागेल. तिसऱ्या वर्षी त्याच फाइलमध्ये तीन मे महिन्यांचे आकडे एकाखाली एक असतील, आणि अर्जदाराने परवानगीसाठी भरलेली अनामत परत द्यायची की नाही हे ठरवताना ती फाइल उघडावी लागेल.